जी६पीडीची कमतरता आणि ऑटिझम : फिरत्या संदेशाला उत्तर

परभणी-लातूरकडच्या पालकांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. जी६पीडी या रक्तातील विकराच्या (एन्झाइमच्या) कमतरतेमुळेच ऑटिझम होतो, म्हणून तर तो मुलग्यांत जास्त आढळतो. सगळ्या डाळी बंद करा आणि शिरेतून क जीवनसत्त्वाचे मोठे डोस द्या, मूल बोलू लागेल, असे त्यात म्हटले आहे. विशेष मुलांना शिकवताना मी त्याचा परिणाम पाहिला. वरणभाताशिवाय काहीच न खाणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाच्या डब्यात आठवडाभर नुसती भाकरी येत होती आणि तो डबा तसाच घरी परत जात होता.

तांबड्या पेशीत मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रे, नसतात. त्यामुळे ऑक्सिडीकरणाचा मारा परतवण्यासाठी ती सर्वस्वी जी६पीडीवर विसंबून असते आणि कमतरतेचा फटका मुख्यतः रक्तालाच बसतो. जगात सुमारे ४० कोटी लोकांत ही कमतरता आहे व त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही जाणवत नाही. ऑटिस्टिक मुलांच्या रक्तात ग्लुटाथिओन हे पेशींना ऑक्सिडीकरणापासून वाचवणारे द्रव्य कमी असल्याचे काही अभ्यासांत दिसले, हे खरे. पण त्यावरून जी६पीडी हे कारण ठरत नाही.

मुलग्यांचा युक्तिवादही टिकत नाही. जी६पीडीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, तसेच लाल-हिरव्या रंगांधळेपणाचेही असते, आणि तोही मुलग्यांतच जास्त आढळतो; म्हणून त्याला कोणी ऑटिझमचे कारण म्हणत नाही. ऑटिझमशी मात्र शेकडो जनुकांचा संबंध आढळला असून त्यांतली बहुतेक एक्सवर नाहीत.

या संदेशाच्या जवळपास जाणारे एक सत्य आहे, ते नवजात बाळाच्या काविळीचे. ही कमतरता असलेल्या बाळाची कावीळ फार वाढली आणि उपचार वेळेवर झाले नाहीत, तर मेंदूला इजा होऊन श्रवणशक्ती जाऊ शकते. म्हणून मूल बोलत नसेल, तर आधी त्याच्या कानांची तपासणी करून घ्यावी, असे मी प्रत्येक पालकाला सांगते.

आता डाळी. या कमतरतेत वर्ज्य आहे तो बाकला, म्हणजे फावा बीन हे शेंगेतले कडधान्य. तूर आणि मूग ही वेगळी पिके आहेत, आणि मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलाचे वरण तोडणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणे.

सर्वांत घातक सल्ला शेवटचा आहे. शिरेतून दिलेल्या क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसामुळे, ज्यांना ही कमतरता खरोखर आहे त्यांच्याच तांबड्या पेशी फुटतात; लघवी चहासारखी काळपट होते, डोळे पिवळे पडतात, आणि रक्त चढवण्याची वेळ येऊ शकते. म्हणजे संदेश ज्या मुलांसाठी लिहिल्याचे सांगतो, त्यांनाच तो सर्वाधिक धोक्यात घालतो.

जी६पीडीची चाचणी कावीळ झालेल्या बाळाची किंवा हिवतापात प्रायमाक्विन हे औषध देण्यापूर्वी करावी, ती या कारणांसाठी. आणि आपल्याकडे बाळंतिणीसाठी पेटीतून काढलेल्या गोधडीला डांबर गोळ्यांचा वास येत असेल, तर ती बाळाच्या अंगावर घालू नये. त्या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनने ही कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढते.