जमदग्नीचे चार गप्प मुलगे

बेळगावच्या वडगावात गल्लीच्या तोंडाला उभं राहून "ए परशराम" अशी हाक मारली की दोन-तीन माणसं तरी वळून बघतात. यल्लाप्पा, यल्लव्वा, रेणुका ही नावं मराठी घरातही आणि कन्नड घरातही. रेणुका-यल्लम्माचा सौंदत्तीचा डोंगर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळं त्या आईचं आणि परशराम या लेकाचं नाव आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. बापाचं नाव मात्र कुणी ठेवत नाही. जमदग्नी नावाचा माणूस बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मला तरी भेटलेला नाही.

कट्ट्यावर हा विषय काढला तो आमच्या परशानंच. मार्गशीर्ष पौर्णिमेची यात्रा करून मंडळी नुकतीच परतली होती. चहाच्या गाड्यावरच्या मावशींच्या कपाळावर भंडारा तसाच होता.

"माझं नाव परशराम का ठेवलं म्हणून आईला विचारलं," परशा म्हणाला, "तर म्हणाली, देवीचा लेक म्हणून. खरं त्या लेकानं आईचंच मुंडकं उडवलं न्हवं? मग मला हे नाव कशाला?"

"बापानं सांगितलं म्हणून उडवलं," यल्लाप्पा म्हणाला. तो भाजी मार्केटात दलाली करतो, घरची भाषा कन्नड, कट्ट्यावर मराठी. "चूक बापाची. म्हणून तर त्याचं नाव कोण ठेवत न्हाई."

"आधी गोष्ट नीट लावून घ्या, मग भांडा," मास्तर म्हणाले. मास्तर मराठी शाळेतून निवृत्त झालेले आणि महाभारताचे सगळे खंड घरी असलेले आमच्यातले एकटेच.

त्यांनी वनपर्वातली कथा लावून दिली. पांडव तीर्थयात्रा करत महेंद्र पर्वतावर पोचतात आणि तिथं परशुरामाचा शिष्य अकृतव्रण युधिष्ठिराला हे सगळं सांगतो. जमदग्नी भृगुकुळातला, ऋचीकाचा मुलगा. आई सत्यवती ही गाधी राजाची मुलगी, म्हणजे विश्वामित्र हा जमदग्नीचा सख्खा मामा. मायलेकींनी प्रसादाचे चरू अदलाबदल केले, म्हणून ऋषीच्या पोटी क्षत्रिय स्वभावाचा मुलगा यायचा होता. सत्यवतीनं विनवणी केली की मुलगा नको, नातू तसा होऊ दे. तो नातू परशुराम.

रेणुका प्रसेनजित राजाची मुलगी. तिला पाच मुलगे. ते सगळे फळं आणायला रानात गेलेले असताना ती स्नानाला जाते. तिथं चित्ररथ राजा, गळ्यात कमळांची माळ, बायकांसोबत पाण्यात खेळताना दिसतो. तिचं मन क्षणभर ढळतं. ओल्या अंगानं, घाबरलेली ती आश्रमात येते आणि नवरा चेहरा बघूनच ओळखतो. पुढं घडतं ते सगळं तेवढ्या एका क्षणावरून. तिनं कुणाला हात लावलेला नाही, कुणाशी बोललेलीसुद्धा नाही. (आपल्याकडच्या कथेत ती मलप्रभेच्या वाळूचा घडा वळते, नागाची चुंबळ करून तो डोक्यावर घेते, आणि त्या दिवशी वाळूचा घडा वळतच नाही. महाभारतात घडाही नाही आणि मलप्रभाही नाही. पण मन विस्कटलं की हाताखालची वाळू बसत नाही, हे इथल्या माणसानं अचूक पाहिलं आहे असं मला वाटतं.)

"आता मुलगे ऐका," मास्तर म्हणाले. "थोरला रुमण्वान. मग सुषेण, वसू, विश्वावसू. एकेक जण आला, एकेकाला बाप म्हणाला, आईला मार. चौघंही सुन्न झाले. कुणी काही बोललं नाही. बापानं शाप दिला, त्यांची शुद्ध हरपली, पशुपक्ष्यांसारखे जड झाले. शेवटी राम आला. त्याला म्हणाला, मार हिला, मनाला लावून घेऊ नकोस. त्यानं परशू उचलला."

"ही चार नावं मी पहिल्यांदा ऐकूलालोय," परशा म्हणाला. मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. लहानपणापासून डोंगरावर जातोय, पण त्या चौघांना नावं आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं.

इथं खरा वाद पेटला. यल्लाप्पाचं म्हणणं, ते चौघं घाबरले. नकार द्यायचा तर तोंड उघडून द्यावा, गप्प बसणं हा कसला नकार? परशा उसळला. "बाप जमदग्नी हाय, समोर उभारलाय, शाप देणार हे दिसूलालंय, आणि तरी हात उचलला न्हाई. ह्याला घाबरणं म्हणतोस तू? घाबरलेल्यानं कुऱ्हाड उचलली असती."

मास्तरांनी मध्ये भागवताचा नववा स्कंध आणला. तिथं मुलांनी बापाचं ऐकलं नाही असं सरळ म्हटलं आहे. पण तिथला राम पुढं जातो. बापाच्या सांगण्यावरून तो आईबरोबर भावांनाही मारतो. त्याला वडिलांच्या तपाचं सामर्थ्य पुरतं ठाऊक होतं, असं कारणही भागवत देतं. म्हणजे जो मारायला सांगतोय तो परत उठवूही शकतो, हे तो जाणून होता.

"मग मिटलं की," यल्लाप्पा म्हणाला. "उठवणार हे माहीत हुतं. बापाचा शब्दही राहिला, आईही राहिली. हुशार पोरगा."

"आणि मानेवर वार पडला त्या घटकेला तिला काय वाटलं असंल? ते कोण परत घेणार?" परशानं विचारलं.

मला वाटतं, याचं उत्तर कथेतच आहे आणि ते रामाच्याच तोंडी आहे. राग उतरल्यावर जमदग्नी वर माग म्हणतो. राम मागतो: आई उठू दे. तिला मारल्याची आठवण राहू नये. मला हे पाप शिवू नये. भाऊ पूर्ववत व्हावेत. युद्धात माझी बरोबरी कुणी करू नये, आयुष्य मोठं मिळावं. शेवटचे दोन सोडा. पहिले चार वर नीट बघा. आज्ञा योग्य असती तर पापाचा विषय कशाला निघाला असता? आणि आईनं विसरावं असं त्याला का वाटावं? तिच्या डोळ्याला डोळा देता यावा म्हणून. पितृआज्ञेचं उदाहरण म्हणून ही गोष्ट कीर्तनात सांगतात तेव्हा हे चार वर घाईघाईनं उरकतात, आणि मला त्याचा राग येतो. आज्ञा पाळणाऱ्यानंच त्या आज्ञेचं माप तिथं काढलेलं आहे. जमदग्नीही एका शब्दानं अडवत नाही, सगळं देऊन टाकतो. त्यालाही कळलं होतं.

मावशी इतका वेळ कपबश्या विसळत ऐकत होत्या. "तुमच्या पोथीत तिला कोड फुटलेलं न्हाई का?" त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, नाही. मग मावशींनी डोंगरावरची कथा सांगितली. नवऱ्यानं शाप दिला, अंग नासलं, घरातनं हाकलली. रानात एक्कय्या आणि जोगय्या भेटले. त्यांनी तिला आंघोळ करायला लावली, जोगवा मागायला शिकवलं, अंग बरं झालं. "जोगुळभावीत न्हाल्याशिवाय आमी वर जात न्हाई, ते त्याच्यासाठनं. ती बरी हून परत घरला आली, तवा ह्यो पुन्ना चिडला आणि पोराला हाक मारली."

"एवढं करून तुमी त्याच्यासाठी चुडा फोडता," परशा म्हणाला. मार्गशीर्षातली ती रांडाव पुनव. डोंगरावरच्या कथेत सहस्रार्जुनाकडून जमदग्नी मारला गेला, देवी विधवा झाली, म्हणून डोंगरावर बांगड्या फुटतात. माघ पौर्णिमेला अहेव पुनव, तेव्हा ती पुन्हा सवाष्ण होते आणि पुन्हा बांगड्या भरतात. "त्यानं तिला मारलं, आणि तो मेला म्हणून रडायचं?"

मावशी थांबल्या. "त्याच्यासाठी कोण रडतंय? तिचं काय झालं त्याच्यासाठी रडतो आमी. चुडा तिचा फुटला की."

यावर कुणालाच काही बोलता येईना. मास्तरांनी एवढंच म्हटलं की याच डोंगराच्या नावानं पोरी देवीला सोडल्या गेल्या, 1982 चा देवदासीबंदीचा कायदा करावा लागला, तेव्हा देवीचं दुःख गाताना त्या पोरींचंही गा. मावशींनी मान हलवली. त्यावर वाद झाला नाही आणि व्हायचं कारणही नव्हतं.

मग मास्तरांनी दुसरा जमदग्नी काढला, आणि मला वाटतं या चर्चेतला सगळ्यात मोठा ऐवज तोच. अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो, श्राद्धात छत्री आणि पायताण का देतात? भीष्म सांगतात: ज्येष्ठातलं ऊन, जमदग्नी गंमत म्हणून बाण सोडतोय आणि रेणुका ते पळत जाऊन गोळा करून आणतेय. सूर्य माथ्यावर आला. तिचं डोकं आणि पाय पोळले. क्षणभर झाडाखाली थांबली, पण नवऱ्याच्या शापाच्या भीतीनं पुन्हा निघाली. उशीर का झाला असं त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं. तिनं कारण सांगितलं तसा जमदग्नी धनुष्य चढवून सूर्याकडं तोंड करून उभा राहिला. तुला पोळवणाऱ्याला आज खाली पाडतो! सूर्य ब्राह्मणाच्या रूपात येऊन गयावया करायला लागला. मी तापतो, पाणी ओढून घेतो, पाऊस पाडतो, धान्य पिकवतो. शिवाय मी सारखा फिरतो, माझ्यावर नेम कसा धरणार? जमदग्नी म्हणाला, दुपारी माथ्यावर तू अर्धं निमिष थांबतोस, तेव्हा वेधीन. मग सूर्य शरण आला आणि डोक्याला छत्री, पायाला पायताण देऊन गेला.

"बघ," यल्लाप्पा म्हणाला, "बायकोचे पाय भाजले म्हणून सूर्याशी भांडला. तेवढं प्रेम हुतं."

"उन्हात बाण गोळा करायला पाठवली कुणी?" मावशींनी तिथल्या तिथं विचारलं.

हा प्रश्न बिनतोड आहे. पण मी यल्लाप्पाच्याही बाजूनं थोडा आहे. त्याच माणसात राग आणि माया एकाच जागी भरलेली आहे, आणि ती कथा ते लपवत नाही. झाडाखाली क्षणभर टेकलेली रेणुका शापाला भिऊन पुन्हा उन्हात पाय ठेवते, हे भीष्मांच्या तोंडी घालणाऱ्यानं तिचं घर आतून पाहिलेलं होतं.

तिसरी गोष्ट आश्वमेधिकपर्वाच्या शेवटची. युधिष्ठिराच्या यज्ञात अर्ध्या सोन्याच्या अंगाचं मुंगूस येतं ती सगळ्यांना माहीत असते. ते मुंगूस मूळचं कोण, हे फार थोड्यांना माहीत असतं. जमदग्नीनं श्राद्ध घातलं, स्वतः गाईची धार काढून दूध नव्या भांड्यात ठेवलं. साक्षात क्रोध परीक्षा बघायला आला आणि त्यानं ते दूध नासवलं. जमदग्नीनं त्याला ओळखलं, आणि तो रागावलाच नाही. क्रोध हात जोडून म्हणाला, मी हरलो, भृगू तापट असतात ही लोकांची बोलणी खोटी ठरली. जमदग्नी म्हणाला, माझा तुझ्यावर राग नाही, दूध पितरांसाठी होतं, त्यांचं तू बघ. पितरांनी शाप दिला आणि क्रोध मुंगूस झाला.

परशानं लगेच जोडलं. "म्हणजे रेणुकेच्या त्या दिवसानंतर त्यानं राग सोडला असणार."

"आधी का नंतर, हे तिथं सांगितलेलं नाही," मास्तर म्हणाले. "पण मरणाकडं बघ."

कार्तवीर्य, म्हणजेच सहस्रार्जुन, आश्रमात आला, रेणुकेनं त्याचा पाहुणचार केला, आणि तो उलट होमधेनूचं वासरूच ओढून घेऊन गेला. रामानं त्याचे हजार हात तोडून त्याला मारलं. भागवतात जमदग्नी मुलाला शाबासकी देत नाही. राजाला मारलंस हे पाप झालं, आपण क्षमेमुळं पूज्य आहोत, तीर्थयात्रा करून ये, असं सांगून वर्षभरासाठी धाडतो. मग एक दिवस राम नसताना कार्तवीर्याची मुलं आली. चार मुलांना एका शब्दात जड करून टाकणारा हा ऋषी तपात होता. तो लढला नाही, त्यानं शापही दिला नाही. रामा, रामा अशा हाका मारत अनाथासारखा मेला, असं वनपर्व म्हणतं. पुढचं एकवीस वेळचं सगळ्यांना पाठ आहे, त्यावर कट्ट्यावर कुणी वेळ घालवला नाही. माहूरला हीच कथा वेगळी वळते. राम कावडीतून आईवडलांना नेतो, दत्तात्रेय अंत्यविधी सांगतात, रेणुका सती जाते, आणि तिथं देवीचं फक्त शिर पूजेला आहे. मास्तरांनी ते दोन वाक्यांत आवरलं.

"शाप द्यायची ताकद हुती न्हवं?" यल्लाप्पानं विचारलं. "मग वापरली का न्हाई?"

"वापरून बघितली हुती की एकदा," परशा म्हणाला. "पोरांवर."

मी परशाच्या बाजूनं आहे. कथा जोडून वाचली तर हाच माणूस दिसतो, ज्याला आपल्या शब्दाची धार घरातच कळली.

शेवटी मास्तरांनी एक बारकी गोष्ट सांगितली. भागवतात कार्तवीर्याची मुलं येतात तेव्हा राम भावांसह रानात गेलेला असतो.

"भावांसह? म्हणजे तेच चौघं?" परशा सरळ बसला. "आईला विसर पडावा एवढंच मागितलं हुतं न्हवं त्यानं? भावांना विसर पडावा असं कुठं मागितलंय?"

"वनपर्वात नाही मागितलं. त्यांची शुद्ध परत यावी, एवढंच."

"मग त्यांना सगळं ठावं हुतं. आणि तरी त्याच्याबरोबर लाकडं आणायला जात हुते." परशा यल्लाप्पाकडं वळला. "आणि तू त्यांना भित्रे म्हणूलालास."

"आई परत उठली की भाऊ भावाशी किती दिवस अबोला धरणार?" यल्लाप्पा म्हणाला, पण आवाज उतरला होता. "हौद, होय, भित्रे न्हवते. खरं एकदा तरी बोलायला पाहिजे हुतं त्यांनी."

परशा मावशींकडं वळला. "तुमच्या गाण्यात ह्या चौघांची नावं येतात का?"

मावशींनी आठवून बघितलं. चौंडक्यावर म्हणतात त्या गाण्यात थोरले भाऊ म्हणून येतात, नावं त्यांच्या कानावर कधी पडलेली नव्हती. "शुक्रवारी जोगतीण येतीया जोगव्याला," त्या म्हणाल्या. "ती जुनी हाय, तिला इचारते. मास्तर, तुमी ती नावं कागदावर लिवून द्या."

मास्तरांनी खिशातलं पेन काढलं आणि बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर थोरल्यापासून लिहायला घेतलं.