'नवा' व्हायरस आणि पक्ष्यांचं जुनं नातं

गेल्या वर्षी जानेवारीत, म्हणजे 2025 च्या, माझ्या भाचीचा दीड वर्षाचा मुलगा चार दिवस खोकत होता. ताप उतरला, डॉक्टर म्हणाले काळजी नको. तरी पाळणाघरातून फोन आला, "ताई, ते एचएमपीव्हीचं चाललंय ना, दोन आठवडे आणू नका." भाचीची रजा संपलेली. फोन ठेवून ती रडली. पोरगं तिच्याच मांडीवर बसून केळं खात होतं.

एचएमपीव्ही म्हणजे ह्यूमन मेटान्यूमोव्हायरस, सर्दी-खोकल्याचा एक विषाणू. पाळणाघरावर माझा राग नाही. राग आहे तो टीव्हीवर दिवसभर ओरडल्या गेलेल्या 'नवा व्हायरस' या शब्दांवर.

हा विषाणू नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांनी ओळखला 2001 मध्ये, वीस वर्षांत जमवलेल्या नमुन्यांत, 28 लहान मुलांच्या. मग त्यांनी 1958 सालचं साठवलेलं रक्त तपासलं, तर त्यातही याच्याविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या (अँटीबॉडीजच्या) खुणा! म्हणजे आपल्या आईवडिलांच्या लहानपणीही तो होताच, फक्त त्याला नाव नव्हतं. पाच वर्षांचं होईपर्यंत जवळपास प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो. बहुतेकांना नुसती सर्दी होते. तान्ही बाळं, दमेकरी आणि म्हातारी माणसं मात्र जपलीच पाहिजेत.

आमच्या फॅमिली ग्रुपवर लगेच आलं, "चिकन बंद करा." पक्ष्यांशी याचं नातं आहे, हे खरंच आहे. 1970 च्या दशकाच्या शेवटी दक्षिण आफ्रिकेत टर्की पक्ष्यांची नाकं वाहू लागली, तो याचाच भाऊबंद. कोंबड्यांचं तर त्याने डोकं सुजतं. पण माणसातला विषाणू पक्ष्यांतल्या विषाणूपासून वेगळा झाला तो साधारण दोनशे वर्षांपूर्वी, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आता तो माणसाकडूनच माणसाला होतो, कोंबडीच्या रश्शातून नाही. आणि मनाला लागणारी गोष्ट ही की, कोंबड्यांसाठी लस आहे, आपल्या लेकरांसाठी अजून नाही.

त्याच जानेवारीत नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रातून बातमी आली होती. तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले. उदगीरला कावळे मरून पडले, तपासणीत तोच बर्ड फ्लू निघाला. हा विषाणू वेगळ्या कुळातला, माणसात अजून न रुळलेला, आणि म्हणूनच खरी नजर ठेवावी असा. त्याबद्दल आमच्या ग्रुपवर एकही मेसेज नव्हता. म्हणून इथे लिहिते: अंगणात, गच्चीवर मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, मुलांना आणि कुत्र्यामांजरांना लांब ठेवा, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा.