‘अंधाराच्या गोष्टी आपल्या पोरांना कशाला?’ : एका फिरत्या मेसेजला उत्तर

पोळ्यापासून आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं : जुलमी राजवटींच्या, जादूच्या, अद्भुताच्या कादंबऱ्या हे परदेशी आणि शहरी खूळ आहे, आपल्या मातीत असलं काही नव्हतं. त्यातली प्रतीकं प्राध्यापकांनी ओढूनताणून काढलेली, पात्रं एक तर देव नाही तर राक्षस. असली पुस्तकं वाचणं म्हणजे वास्तवापासून पळ काढणं. आणि विदर्भात आधीच एवढं दुःख असताना खेड्यातल्या पोरांच्या हाती अंधाराच्या गोष्टी देऊच नयेत, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं द्यावीत.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावात ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात लहान, वाचनालय सांभाळतो. स्पर्धा परीक्षेची दोन कपाटं आमच्याकडे आहेत आणि ती पुस्तकं रोज बाहेर जातात, जायलाच हवीत. पण शनिवारी संध्याकाळी आठ-दहा पोरंपोरी बसतात आणि मी त्यांना एखादी कादंबरी थोडी वाचून, थोडी आपल्या बोलीत सांगतो. मेसेज लिहिणाऱ्याने ती पोरं पाहिलेली नाहीत. मी पाहिली आहेत, म्हणून उत्तर देतोय.

‘परदेशी’ या शब्दापासून सुरुवात करू. ‘१९८४’ ही जुलमी राजवटीची कादंबरी लिहिणारा जॉर्ज ऑरवेल इंग्रज खरा, पण तो जन्मला १९०३ साली बिहारच्या मोतिहारीत, कारण त्याचे वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. रुकैया सखावत हुसैन तर इथल्याच. त्यांची ‘सुलतानाचं स्वप्न’ ही गोष्ट १९०५ साली मद्रासच्या एका मासिकात आली. तिच्यातल्या देशात पुरुष पडद्यात राहतात, आणि बाया सूर्याच्या उष्णतेवर कामं करतात, हवेतून प्रवास करतात. एकशेवीस वर्षं झाली त्याला.

आणि ‘आपली माती’ म्हणायचं तर आमच्या सालेकसा तालुक्यातलं कचारगड घ्या. माघ पौर्णिमेला तिथे लाखो गोंड बांधव येतात. परंपरा सांगते की कली कंकालीची लेकरं तिथल्या गुहेत शिळा लावून कोंडली होती. जंगो रायताडची माया, लिंगोचं ज्ञान आणि हिरासुकाच्या वाद्याचा सूर एकत्र आले तेव्हा ती शिळा हटली, आणि हटताना हिरासुका तिच्याखाली गेला. ही माणसांची श्रद्धा आहे, तिला मी कादंबरी म्हणणार नाही. पण कोंडलेली लेकरं, बंद दार आणि दार उघडणारा सूर यांचा अर्थ ज्या मुलखाला पिढ्यान्‌पिढ्या कळतो, त्याला प्रतीक ही चीज बाहेरून आणावी लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘ईडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत आपण जे शिवेबाहेर नेतो, तेसुद्धा काडी-कागदाचा पुतळा एवढंच नसतं.

प्रतीकं ओढूनताणून काढलेली असतात, हा मेसेजमधला मला सगळ्यात चुकीचा वाटणारा मुद्दा. ‘१९८४’मधला विन्स्टन सरकारच्या सत्य मंत्रालयात कामाला आहे. काम काय, तर वर्तमानपत्रांचे जुने अंक सरकारच्या आजच्या बोलण्याशी जुळतील असे पुन्हा लिहायचे आणि मूळ कागद भिंतीतल्या भोकात टाकायचा, तो खाली भट्टीत जळून जातो. एवढं सांगितल्यावर मागे बसलेली अकरावीतली पोरगी म्हणाली, ‘‘सर, म्हणजे आमच्या सातबाऱ्यासारखं.’’ तिच्या आजोबांचं नाव एका फेरफारात गळलं होतं आणि पुढची किती तरी वर्षं घरातली माणसं चकरा मारत होती. कागदावर नाव नाही म्हणजे माणूस त्या बांधावर कधी राबलाच नाही, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याच कादंबरीत चॉकलेटचं रेशन आठवड्याला तीस ग्रॅमचं वीस होतं. दुसऱ्या दिवशी बातमी येते की रेशन वाढवून वीस केल्याबद्दल लोकांनी मिरवणुका काढून आभार मानले. पोरं आधी हसली आणि मग गप्प झाली. त्या गप्प होण्यात मला प्रतीकाचं काम दिसलं.

विन्स्टन एका जुन्या सामानाच्या दुकानातून काचेचा गोळा घेतो, आत पोवळ्याचा लहानसा तुकडा. कागदावर ठेवायचं वजन, बस. तो त्याला आवडतो, कारण तो जुन्या काळातून जसाच्या तसा आलेला आहे, त्यात कुणी काही बदललेलं नाही. शेवटी त्याला पकडायला येतात तेव्हा तो गोळा फुटतो. मी विचारलं, तुमच्या घरी असं काही आहे का? एका पोराने पुढच्या शनिवारी पिशवीतून कुडो आणला. धान मोजायचा जुना कुडो, काठ झिजलेला, बुडाशी एक चीर. ‘‘आता कोनी याच्यानं मोजत नाही, पण आजी भंगारवाल्याले देऊ नाही देत.’’ तो कुडो हातोहात फिरला. एकीने त्यात बोट घालून पाहिलं, कोपऱ्यात धानाचा कोंडा अजून अडकलेला होता. यात कुठल्याही प्राध्यापकाने काही ओढलेलं नाही आणि ताणलेलंही नाही.

पात्रं काळीपांढरी असतात म्हणे. टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या अंगठीच्या गोष्टीत ती अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो ऐन शेवटच्या क्षणी तिच्यावर हक्क सांगतो, तो हरतो. अंगठी नष्ट होते ती तिच्यासाठी झुरणाऱ्या गॉलममुळे, आणि गॉलम तिथवर जिवंत पोचतो तो फ्रोडोने आधी त्याच्यावर दया केली म्हणून. रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाच्या ‘फॅरेनहाइट ४५१’ या कादंबरीत पुस्तकं जाळणाऱ्यांचा प्रमुख बीटी स्वतः भरपूर वाचलेला आहे, आणि तो सांगतो की हे सरकारने सुरू केलं नाही, लोकांनीच आधी वाचणं सोडलं. देव-राक्षसाच्या चौकटीत ही माणसं बसवून दाखवा.

पळवाटीबद्दल फार बोलायला नको. टोल्किन पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, फ्रान्समधल्या सोमच्या खंदकांत होता. ऑरवेलला स्पेनच्या यादवी युद्धात गळ्यातून गोळी आरपार गेली होती, आणि ‘१९८४’ त्याने क्षयाने खंगत लिहिली. पुस्तक १९४९ साली आलं, पुढच्या जानेवारीत तो गेला. मार्गारेट ॲटवुडने १९८५ सालच्या आपल्या कादंबरीत बायकांवरचे जे जुलूम दाखवले, त्यांत माणसांनी कुठे ना कुठे आधीच केलेलं नाही असं काहीही घालायचं नाही, हा नियमच केला होता. याला पळणं म्हणत नाहीत.

शेवटचा मुद्दा दुःखाचा. तो लिहिणाऱ्याची काळजी खरी असेल, मी ती मानतो. आमच्या पोरांनी घरात आणि शेजारी जे पाहिलंय ते कोणत्याही कादंबरीपेक्षा जड आहे. पण ते बोलायला त्यांच्याजवळ जागा नसते. दुसऱ्या देशातल्या, घडलेल्याच नाही अशा गोष्टीच्या आडोशाने ती बोलतात. सातबाऱ्याचं ती पोरगी त्याआधी कधी बोलली नव्हती.

आणि या गोष्टी अंधारातच संपतात असंही नाही. ‘फॅरेनहाइट ४५१’च्या शेवटी शहराबाहेर, नदीपलीकडे काही माणसं भेटतात. प्रत्येकाने एकेक पुस्तक तोंडपाठ केलंय. पुस्तक जाळता येतं, म्हणून माणूसच पुस्तक झालाय. हे सांगताना मला अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर आठवतं. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. पुढे धामधुमीत मूळ पोथी गेली. शिष्यांनी ती पाठ असलेल्या मजकुरातून पुन्हा लिहून काढली, त्यातला एक पाठ हिराइसा या बाईच्या नावाने ओळखला जातो. जी शेणाच्या घराची आणि मेणाच्या घराची गोष्ट आपण लेकरांना भरवताना सांगतो, ती याच ग्रंथात आहे. अमेरिकेत १९५३ साली कल्पनेतून जे लिहिलं गेलं, ते विदर्भाच्या पोथीबाबत शेकडो वर्षांपूर्वी खरंच घडून गेलं होतं.

त्या शनिवारी पोरांनीच ठरवलं की प्रत्येकाने काहीतरी पाठ ठेवायचं. कुणी पोळ्याला म्हणतात ती झडती निवडली, एकाने चक्क पीकविम्याच्या अर्जाचे नियम घेतले. सातबाऱ्यावाल्या पोरीने आजीचं धानाच्या रोवणीचं गाणं घेतलं. पुढच्या आठवड्यात ती आली ती तक्रार घेऊनच : ‘‘आजीले मधले दोन कडवे याद नाही येत, सर. मामाच्या गावाले एक बुढी हाय, तिले येते म्हनते आजी. मी रविवारी जाऊन लिहून आनतो.’’