तिकिटं फाडणारा नौदल अधिकारी

महाराष्ट्रातले दोन वाद मी टोकियोत बसून वाचत असतो. एकात दुसऱ्याचा उल्लेखही नसतो, याचं मला नवल वाटतं.

पहिला वाद नाट्यगृहांचा. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर पाडून तिथे नवं संकुल बांधायचं, की १९६८ सालची वास्तू जपायची? कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, नेमकं केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी जळालं, तेव्हाची हळहळ अजून ओसरलेली नाही. आणि या सगळ्याच्या खाली नाट्यगृहांच्या स्वच्छतागृहांचा प्रश्न, जो माझ्या लहानपणापासून ‘ऐरणीवर’ आहे. दुसरा वाद गेमिंगचा. जुलै २०२५मध्ये विधिमंडळातल्या मोबाईल-रमीवरून गदारोळ झाला आणि ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा केंद्राचा कायदा आला. तेव्हापासून आमच्या नातेवाइकांत गेम म्हटलं की जुगार, नाहीतर पोरांच्या डोळ्यांचा नंबर. नाटक वाचवायचं आणि पोरांना स्क्रीनपासून वाचवायचं, ही एकाच मोहिमेची दोन कलमं असल्यासारखं सगळे बोलतात.

मी राहतो त्या देशात १९९६ साली एका व्हिडिओ गेमने अख्खी नाटक कंपनीच कथेच्या मधोमध आणून बसवली.

‘साकुरा ताइसेन’ हा गेम २७ सप्टेंबर १९९६ला सेगा सॅटर्न या टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रावर आला. बाहेरच्या जगात तो ‘साकुरा वॉर्स’ म्हणून ओळखला जातो. कल्पना हिरोई ओजी यांची, पात्रं रेखाटली फुजिशिमा कोसुके यांनी, संगीत तानाका कोहेई यांचं. काळ १९२०च्या दशकाचा, पण इतिहासाच्या पुस्तकातला नव्हे. या टोकियोत यंत्रं वाफेवर चालतात, लढाईची पोलादी चिलखतंसुद्धा. यालाच स्टीमपंक म्हणतात. गिंझा भागात एक दिमाखदार नाट्यगृह आहे. तिथल्या नट्या एरवी गातात, नाचतात, भूमिकांवरून भांडतात, आणि शहरावर राक्षसी फौज चालून आली की रंग पुसून चिलखतात शिरतात. नायक ओगामी इचिरो हा नौदलातला तरुण अधिकारी. गुप्त पथकाचं नेतृत्व करायला म्हणून ऐटीत येतो, आणि त्याला दारावर तिकिटं फाडायला उभं केलं जातं.

निम्मा खेळ बोलण्यातच जातो. समोरची नटी काही विचारते, उत्तराचे पर्याय पडद्यावर येतात आणि निवड करायला मोजकेच क्षण मिळतात. गप्प राहिलात तरी ते उत्तरच धरलं जातं. तुमच्यावर तिचा विश्वास किती, यावर ती रणात कशी लढणार हे अवलंबून. रुसलेल्या नटीकडून प्रयोग नीट होत नाही, हे आपल्या जुन्या कंपन्यांच्या मालकांना कुणी शिकवायला लागलं नसतं.

या कंपनीचा मूळ नमुना म्हणजे ताकाराझुका. कोबायाशी इचिझो या उद्योजकाची ओसाकाजवळ रेल्वे होती. लाइनच्या शेवटच्या गावापर्यंत लोकांनी यावं म्हणून त्याने १९१३ साली तिथे मुलींचं गायनपथक काढलं, पुढच्या वर्षी पहिला प्रयोग झाला. सगळ्या भूमिका बायकांच्या. पुरुषपात्रं रंगवणाऱ्या नट्यांवर प्रेक्षक, आणि त्यातही बायकाच जास्त, आजही जीव ओवाळून टाकतात. आता गंमत पाहा: गंधर्व नाटक मंडळीही १९१३चीच. इथे बायका पुरुष होत होत्या तेव्हा तिकडे नारायणराव राजहंस भामिनी होत होते, आणि त्यांच्या नेसण्याची नक्कल घरंदाज बायका करत होत्या. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मुंबईत संयुक्त ‘मानापमान’ केलं, ते आपण अजून सांगतो. फरक एवढाच की बालगंधर्वांच्या मागे रेल्वे नव्हती. मंडळी कर्जात बुडाली. ताकाराझुका अजून त्याच रेल्वेसमूहाच्या पदरी आहे आणि तिथल्या मोठ्या नाट्यगृहात अडीच हजारांच्या वर खुर्च्या आहेत.

गेमवाल्यांनी हा नमुना उचलला आणि पुढच्याच वर्षी जी उडी मारली ती मला सगळ्यात धाडसी वाटते. १९९७पासून त्यांनी खरेखुरे संगीत प्रयोग सुरू केले. गेममध्ये ज्यांचे आवाज होते त्याच अभिनेत्री त्या-त्या पात्राच्या वेषात स्टेजवर आल्या. योकोयामा चिसा गेममध्येही नायिका साकुरा आणि रंगमंचावरही साकुरा. गेममधल्या नट्या एक नाटक बसवतात, ‘आई युए नी’ नावाचं. कथेतलं ते काल्पनिक नाटक पहिल्याच प्रयोगात खरोखर उभं राहिलं. हे प्रयोग २००६पर्यंत चालले. दरम्यान दूरचित्रवाणी मालिका आली, २००१मध्ये चित्रपट आला, मांगा म्हणजे जपानी चित्रकथा आणि कादंबऱ्या आल्या, कथा पॅरिसला आणि न्यूयॉर्कला गेली. पण माझ्या लेखी महत्त्वाचं हे, की रिमोट हातात धरून वाढलेली पोरं नाट्यगृहाच्या दारात तिकीट फाडून घ्यायला उभी राहिली. पुढे २००३मध्ये टेनिसच्या मांगावरून संगीत नाटक आलं, आणि मांगा-गेमवरच्या नाटकांचा इथे असा धंदा झाला की २०१४मध्ये त्यांची स्वतंत्र संघटनाच निघाली.

संगीत नाटक आपण देव्हाऱ्यात ठेवलं आहे. इथल्यांनी आपल्या देवाला कामाला जुंपलं.

कौशल्य नाही म्हणून आपलं अडलं, असं मला कुणी सांगू नये. ‘राजी’ हा गेम पुण्यातल्या चमूने २०२०मध्ये जगापुढे आणला. परदेशी कंपन्यांचे स्टुडिओ पुण्या-मुंबईत आहेत आणि मराठी मुलं तिथे इतरांच्या राजपुत्रांना रंगवतात. पण स्वतःचं काही करायची वेळ आली की पहिला प्रश्न ‘बाहेर चालेल का?’ साकुरावाल्यांनी ही फिकीर केली नाही. त्यांचा इंग्रजीत अधिकृतपणे आलेला पहिला भाग म्हणजे पाचवा, आणि तोही २०१०मध्ये. तोवर त्यांचं घरच्या प्रेक्षकांवर भागलं होतं.

दुसरी धास्ती भावना दुखावण्याची. जानेवारी २०२५मध्ये संभाजी महाराजांवरच्या चित्रपटातलं लेझीमचं दृश्य आक्षेपानंतर काढावं लागलं. अशा हवेत फिरत्या नाटक कंपनीवर गेम काढायची कल्पना कुणापुढे मांडायची? आणि साहित्य तर किती आहे! बिऱ्हाडासकट मुक्कामामागून मुक्काम, पडद्यांच्या गुंडाळ्या, ऑर्गनवाल्याचा रुसवा, सावकाराचा तगादा, पावसाने ओस पडलेला प्रयोग. प्रेक्षकांतून ‘वन्समोअर’ येतो. घ्यायचा की पुढे जायचं, ठरवायला तीन सेकंद. घेतलात तर गळा थकणार, नाही घेतलात तर गाव रुसणार. मी हा गेम आजच विकत घेईन.

इथलं सगळं सोन्याचं, असं मात्र नाही. पहिला गेम घडतो ते साल म्हणजे आपलं १९२३. त्या वर्षी १ सप्टेंबरला खऱ्या टोकियोत भूकंप झाला, लाखावर माणसं मेली, आणि अफवांवरून जमावांनी हजारो कोरियन लोकांना ठार केलं. गेममधल्या कंपनीत चिनी, फ्रेंच, रशियन रक्ताच्या मुली बहिणींसारख्या नांदतात, आणि ही आठवण अलगद बाजूला राहते. काळाशी खेळायची मोकळीक सोयीस्कर विसरायलाही कामी येते. म्हणून इतिहासाबद्दल हळवं होणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना मी सरसकट खुळ्यात काढणार नाही. ताकाराझुकाचंही तेच. २०२३मध्ये तिथल्या एका तरुण कलावतीचा मृत्यू झाला. कामाचा ताण आणि वरिष्ठांचा छळ यांची चर्चा झाली, आणि कंपनीने छळ मान्य करून माफी मागितली ती २०२४मध्ये. शिस्तीचं कौतुक करणाऱ्यांनी, त्यात मीही आलो, हे वाचून मगच करावं.

शिवाय तिकीट. मांगावरचं नाटक इथे बघायचं तर चांगल्या खुर्चीला साधारण पाच हजार रुपये मोजायची तयारी हवी. दादरला शिवाजी मंदिरात काही शेकड्यांत रविवारची दुपार सार्थकी लागते, मध्यंतरात बटाटावडा मिळतो आणि नाटक संपल्यावर नटाला रंगपटात जाऊन भेटता येतं. याचं मोल तिकडे राहणाऱ्यांना कळत नाही.

आणि नाव मोठं म्हणून कायमचं चालतं असंही नाही. २०१९मध्ये साकुरा नव्या पात्रांसह परतली, पुढच्या डिसेंबरात मोबाईलवरचा गेम आला आणि जून २०२१मध्ये बंदसुद्धा झाला.

तरीही माझा कल सांगतो. बालगंधर्व पाडा किंवा राखा, माझं मत वास्तूकडे थोडं झुकतं आहे, पण आराखड्यात तरुण गेमवाल्यांना तालमीला येऊन बसता येईल अशी एक खोली आणि आवाज नोंदवायची सोय मागा. खर्च वाहनतळापेक्षा कमीच येईल. पुण्यात गेम बनवणारे स्टुडिओ तिथून रिक्षाच्या अंतरावर आहेत. रिक्षावाला यायला तयार झाला तर.