काच चिकटवली म्हणजे काम झालं नाही

गाडीची पुढची काच बदलून आणली आणि पहिल्याच जोरदार पावसात शेजारच्या सीटसमोरचं कारपेट ओलंचिंब. वेग जरा वाढला की काचेच्या डाव्या बाजूच्या खांबापाशी, म्हणजे पिलरपाशी, वाऱ्याची शिट्टी. वायपरखालची प्लॅस्टिकची जाळी एका बाजूने उचललेली, कारण काढताना तिच्या क्लिपा तोडल्या आणि नवीन न घालता तशीच दाबून बसवून दिली. डॅशबोर्डवर कॅमेऱ्याचा पिवळा दिवा. हे सगळं दाखवायला गेलं तर उत्तर काय? "मॅडम, नवीन काच आहे, सेट व्हायला वेळ लागतो." तुटलेली क्लिप काय सेट होणार आहे? सरळ तोंडावर खोटं बोलतात आणि वर आपल्यालाच समजावतात!

माझा संताप पाण्यापुरता नाही. ज्यांचा हाच धंदा आहे ती माणसं या कामाला खिडकीचं तावदान बसवल्यासारखं उरकतात, याचा आहे. पुढची काच फक्त वारा अडवायला नसते. गाडी उलटली तर छप्पर खाली दबू नये म्हणून ती आधार देते. बऱ्याच गाड्यांमध्ये शेजारच्या सीटसमोरची एअरबॅग डॅशबोर्डमधून वर येते, काचेला टेकते आणि मग माणसाकडे वळते. हे सगळं पापणी लवायच्या आत. त्या क्षणी काच जागची सुटली तर एअरबॅग टेकणार कशाला? आणि एवढी मोठी जड काच धरून कोण ठेवतं? नट नाही, बोल्ट नाही. कडेने फिरवलेली पॉलियुरेथेनची, म्हणजे घट्ट होणाऱ्या गोंदाची, एक काळी पट्टी. बस्स. सगळी भिस्त तिच्यावर, आणि सगळ्यात जास्त हयगय तिथेच.

हे पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतं, बाहेरून आत. वर साय धरली तरी आत ते मऊच असतं. म्हणून किती वेळाने गाडी चालवायची हे बनवणारी कंपनी लिहून देते. कुठल्या मालाला तासभर पुरतो, कुठल्याला कितीतरी तास लागतात. थंडीत आणि कोरड्या हवेत आणखी जास्त. काच बसवणाऱ्या महाशयांनी काय केलं? बोट लावून बघितलं, "सुकलं" म्हणाले आणि चावी हातात दिली. मी विचारलं, कुठलं अॅडहेसिव्ह वापरलंत? "चांगलंच आहे." नाव? "इंपोर्टेड." ट्यूबवरची एक्स्पायरी दाखवा म्हटलं तर ट्यूब कचऱ्यात गेलेली. वर त्याने सगळ्या काचा बंद ठेवून दार धाडकन आपटलं. बंद गाडीत दार आपटलं की आतली हवा दाबली जाते आणि नुकत्याच बसवलेल्या काचेला बाहेर ढकलते. खिडकी बोटभर उघडी ठेवा, दार हळू लावा, एवढं सांगायला काय जातं?

गळतीची तक्रार केली तेव्हा तर कहर केला. काच काढून बघायचं सोडून बाहेरून कडेला पारदर्शक सिलिकॉन फासलं! त्याने गळती थांबली नाही ती नाहीच, उलट पुढच्या कामाचीही वाट लागली, कारण सिलिकॉनचा अंश राहिला की त्यावर पॉलियुरेथेन नीट धरत नाही. शेवटी दुसऱ्या ठिकाणी काच पुन्हा उतरवली. मी शेजारी उभी राहून बघत होते. वरच्या कोपऱ्यात पट्टीची दोन टोकं जिथे एकमेकांवर चढायला हवी होती तिथे ती भेटलेलीच नव्हती. मध्ये काडी जाईल एवढी फट. खाली चौकटीवर जुनी पट्टी कापताना पातं थेट रंगात घुसलेलं, बोटभर लांबीचा ओरखडा पार पत्र्यापर्यंत. त्यावर प्रायमरचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या आणि गोंद धरवणाऱ्या अस्तराचा, एक थेंबही नाही. काठाकाठाने तांबूस गंज धरलेला, आणि त्यावरची नवीन पट्टी नखाने सोलली तशी अलगद उठून आली. अलगद! ज्याच्यावर काच उभी आहे ती पट्टी नखाने निघते, आणि मी घरच्यांना बसवून ही गाडी हायवेला नेत होते. विचार केला की आजही हात थरथरतात.

जुनी पट्टी पूर्ण खरवडायची नसतेच. एखाद-दोन मिलिमीटरचा ताजा कापलेला थर ठेवायचा, नवीन माल त्यावरच सगळ्यात चांगला धरतो. ओरखडा गेला तर साफ करून प्रायमर लावायचा आणि तो सुकू द्यायचा. काचेच्या काळ्या कडेला उघड्या हाताने शिवायचं नाही, तेलकट डाग राहतो. यात अवघड काय आहे? हे काम रोज करणाऱ्याला येत नसेल तर त्याने करू नये, आणि येत असून करत नसेल तर तो माणसांच्या जिवाशी खेळतोय.

कॅमेऱ्याचं तर बोलायलाच नको. आरशामागचा हा कॅमेरा लेन बघतो, पुढची गाडी बघतो, वेळ पडली तर स्वतः ब्रेक लावतो. नजर एक अंशाने जरी हलली तरी 100 मीटरवर साधारण पावणेदोन मीटरचा फरक पडतो. म्हणजे शेजारच्या लेनमधली गाडी आपल्या लेनमध्ये वाटू शकते! म्हणून काच बदलल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर पुन्हा अचूक जुळवणं, करायचं असतं. कुठल्या गाडीला मोजून ठेवलेल्या फलकांसमोर, कुठल्या गाडीला रस्त्यावर ठराविक पद्धतीने चालवून, काहींना दोन्ही. यांनी केलं काय, तर स्कॅनर लावून नुसता दिवा घालवला. दुसऱ्या दिवशी तो परत आला. परत आला ते बरं झालं, नाहीतर सगळं ठीक आहे समजून मी त्याच्यावर विसंबून राहिले असते.

पाऊस ओळखून वायपर चालवणाऱ्या रेन सेन्सरखालचं जेलही जुनंच दाबून चिकटवलेलं, आत बुडबुडे. वायपर कोरड्या काचेवर मधूनच फिरायचे ते त्यामुळे.

"इतक्या गाड्या केल्या, कुणाची तक्रार नाही," हे तर मला ऐकवूच नका. लोकांना कळणार कुठून? काचेच्या कडेच्या ट्रिमपट्टीखालचा ओरखडा दिसत नाही, कच्ची पट्टी दिसत नाही, आणि ज्याला अपघातात कळतं तो तुमच्या काउंटरवर येऊन सांगत नाही.

पहिल्या ठिकाणी मी लेखी मागितलंय: अॅडहेसिव्हचं नाव आणि एक्स्पायरी, किती वेळाने गाडी चालवायला दिली, प्रायमर कुठे लावला, कॅलिब्रेशनचा रिपोर्ट. "असं काही आम्ही देत नाही," म्हणाले. मग पैसे परत द्या, पूर्ण. आणि तो गंज घासून, प्रायमर-रंग करून चौकट पूर्ववत करायचा जो खर्च आला, त्याचं बिलही मी तुमच्याच नावावर पाठवलंय.