‘गोळ्या न लागणारा एचआयव्ही’ म्हणून फिरणाऱ्या मेसेजबद्दल

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय की सेक्स वर्कर बायकांमध्ये एचआयव्हीची नवी जात तयार झाली, तिच्यावर कुठलीच गोळी लागू पडत नाही, एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या) घेऊन उपयोग नाही, आणि या बायकांना धरून टेस्ट करा. हे वाचून कोणी गोळ्या सोडल्या तर जीव जाईल भो, म्हणून लिहितोय.

आधी ते ‘त्यांच्यात तयार झाली’. हा व्हायरस ज्याच्या अंगात आहे त्या प्रत्येकात बदलत राहतो, मग ती सेक्स वर्कर असो, हायवेवरचा ड्रायव्हर असो नाहीतर घरातली सून. स्वतःची कॉपी काढताना तो चुकतो, त्या चुका दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नाही आणि उपचार नसले तर एकाच माणसात दिवसाला अब्जावधी कॉप्या निघतात. आपल्या देशात बहुतेक सगळीकडे या व्हायरसचा एकच प्रकार, सबटाइप सीच आहे. केनियात ए, सी, डी असे प्रकार एकत्र फिरतात, तिथं एकाच बाईला दोन प्रकारांची लागण होऊन मिश्र व्हायरस बनू शकतो हे खरंय. पण तो तिच्यापर्यंत आणतो कोण? गिऱ्हाईकच ना, आणि तेच गिऱ्हाईक घरी बायकोकडे पण जातं.

दुसरं, ‘कुठलीच गोळी लागू पडत नाही’, हे तर साफ खोटं. रेझिस्टन्स, म्हणजे व्हायरस औषधाला दाद न देणं, ठराविक औषधाला येतो. व्हायरसमध्ये के१०३एन नावाचा एक बदल झाला की नेव्हिरापिन, इफाव्हिरेन्झ ही जुनी औषधं फेल जातात, पण टेनोफोव्हिर या दुसऱ्या औषधावर त्याचा परिणाम नाही. या जुन्या औषधांचा रेझिस्टन्स वाढत होता म्हणूनच २०१९ मध्ये डब्ल्यूएचओने डोल्युटेग्राव्हिर या औषधाला पहिली पसंती दिली, त्याला हरवणं व्हायरसला खूप अवघड जातं, आणि सरकारी एआरटी सेंटरला आज जी रोजची एक गोळी फुकट मिळते तिच्यात हेच असतं.

रेझिस्टन्स होतो कशाने तर गोळ्या धरायच्या, सोडायच्या, परत धरायच्या, मुख्यतः यानेच. रक्तात औषध कमी पडलं की जो व्हायरस त्याला पुरून उरतो तोच वाढतो. आता धाड पडली की रातोरात गाव सोडणारी बाई, सिव्हिलच्या लाइनीत कोणी ओळखेल म्हणून मागे फिरणारी बाई, तिचे डोस चुकणारच, त्यात हा मेसेज सांगतो गोळ्याच बंद करा. म्हणजे ज्याची भीती घालताय तेच तुम्ही वाढवताय. उलट रोज गोळी घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस, मशीनलाही सापडेनासा झाला आणि तसाच राहिला की सेक्समधून लागण पुढे जात नाही.

आणि धरून टेस्ट? २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात संमतीशिवाय टेस्ट करायला बंदी आहे.

कोणी मेसेज वाचून गोळ्या थांबवल्या असतील तर स्वतःच्या मनाने काही न करता लगेच एआरटी सेंटरला जा आणि किती दिवस चुकले ते खरं सांगा. जायची भीती वाटत असेल तर आधी १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन लावा, फुकट आहे.