पन्नासच लिहावे, पन्नास ठिकाणी लिहावे

सी या प्रोग्रॅमिंग भाषेत अ‍ॅरेच्या (एकाच प्रकारच्या किमती ओळीने ठेवणाऱ्या यादीच्या) आकारासाठी वेगळा स्थिरांक (नाव दिलेली, न बदलणारी किंमत) करून ठेवावा, असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे आपण मुळीच लक्ष देऊ नये. तुकडीत 50 विद्यार्थी आहेत ना? मग चौकटी कंसात सरळ 50 लिहावे, गुण वाचणाऱ्या लूपमध्ये (तेच काम पुन्हापुन्हा करणाऱ्या कोडमध्ये) 50 लिहावे आणि बेरजेच्या लूपमध्येही 50च लिहावे. छपाईच्या लूपमध्ये मात्र चवीपुरते '49 पर्यंत' (मोजणी 0 पासून) असे करावे. प्रश्नपत्रिकाही 50 गुणांची असेल, तर दुधात साखर. कोणता 50 कशाचा, हे कोड वाचणाऱ्याने स्वतःच्या बुद्धीने ओळखावे.

पुढच्या वर्षी पट 60 झाला, की एडिटरमध्ये 50 च्या जागी 60 घालून 'सगळे बदला' म्हणावे. एका फटक्यात विद्यार्थी वाढतात, प्रश्नपत्रिका 60 गुणांची होते, 150 रुपयांची परीक्षा फी 160 होते आणि 500 चे 600 होतात. (प्रस्तुत लेखकाने हा प्रयोग करून पाहिला आहे.) 49 वाला लूप तेवढा जागचा हलत नाही, त्यामुळे शेवटच्या दहा जणांचा निकाल छापलाच जात नाही, त्यांनी रीतसर अर्ज करावा.

कोणी फारच मागे लागले, तर हॅश डिफाइनने 'फिफ्टी' नावाचा मॅक्रो (ज्याच्या जागी ठरलेला मजकूर जसाच्या तसा बसतो असे नाव) करावा, म्हणजे पुढे त्याच फिफ्टीची किंमत 60 ठेवता येते. एक जागा राखीव हवी असल्यास त्याची किंमत '50 + 1' अशी कंसाविना लिहावी. '2 * फिफ्टी' केले, की त्याचे '2 * 50 + 1' होते, 102 ऐवजी 101 मिळतात आणि एक जागा वाचते.

सी++ मध्ये अ‍ॅरेच्या आकारासाठी कॉन्स्ट इंट (न बदलणारा पूर्णांक) चालतो, तेव्हा सी मध्येही चाललाच पाहिजे, असा हट्ट धरावा. सी मध्ये कॉन्स्ट ही नुसती 'हात लावू नये' अशी पाटी असते, म्हणून असा आकार दिलेल्या फंक्शनबाहेरच्या अ‍ॅरेला कंपायलर हरकत घेतो. अशा वेळी अ‍ॅरे उचलून फंक्शनच्या आत न्यावा. तिथे सी भाषेच्या 1999 च्या मानकाच्या कृपेने तो बदलत्या लांबीचा अ‍ॅरे म्हणून खपतो. 2011 च्या मानकाने ही सोय ऐच्छिक केली, पण ते ज्याच्या कंपायलरवर अडेल तो पाहून घेईल. एनममध्ये (पूर्णांकांना नावे देण्याच्या सोयीत) एक नाव लिहून त्यापुढे 50 लिहिले, की सगळे सुरळीत चालते, हे मात्र कोणालाही कळू देऊ नये.

इतके करून एखादा जास्तीचा विद्यार्थी आलाच, तर त्याला अडवू नये. सी भाषा अ‍ॅरेची वेस राखत बसत नाही. तो निमूटपणे शेजारच्या जागेत जाऊन बसतो, आणि तिथे पट मोजणारा व्हेरिएबल राहत असेल, तर तुकडीची एकूण संख्या त्याच्या गुणांइतकी, म्हणजे 38 होते.